पोट वेळेवरच असतं, आपणच घरात नसतो

या वेळी आलेल्या पत्रांतली पाच पत्रं एकाच विषयावर होती, पळताना अचानक येणारी शौचाची घाई, आणि पाचही जणांनी ‘नाव छापू नका’ असं लिहिलंय. नावं नाही छापत, पण विषय छापतेय, कारण पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याबद्दल तासन्‌तास बोलणारे खूप असतात आणि याबद्दल मात्र सगळे गप्प.

प्रश्न : ताई, वय ३८, दीड वर्ष झालं पळतोय, आठवड्यातून चार दिवस. घरून निघताना पोट एकदम शांत असतं. पण साडेतीन-चार किलोमीटर झाले की अचानक मुरडा येतो आणि मग दोन मिनिटांत अशी वेळ येते की आता सोय नाही झाली तर भर रस्त्यातच कार्यक्रम होणार. मागच्या महिन्यात एका बांधकामावरच्या वॉचमनसमोर अक्षरशः हात जोडले तेव्हा त्याने आत सोडलं. रोज नाही होत, पण लॉन्ग रनच्या, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याच्या, दिवशी हमखास. सकाळी साडेपाचला उठतो, मोठा मग भरून कॉफी, एक केळं, आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. बायकोला हसू येतं, मला रडू येतं. आता तर आदल्या रात्रीपासूनच टेन्शन असतं. डॉक्टरकडे जायची लाज वाटते. पळणंच सोडू का?

उत्तर : सोडू नका हो. आणि लाज वाटून घेऊ नका, लांब पळणाऱ्यांपैकी ३० ते ५० टक्के लोकांना पोटाचा काही ना काही त्रास होतो, म्हणजे तुमच्या ग्रुपमध्ये दहा जण असतील तर तीन-चार जण तरी तुमच्याच गटातले, फक्त बोलत नाहीत. मी स्वतः एकदा हाफ मॅरेथॉनला तेराव्या किलोमीटरला एका खांबाला धरून चांगली तीन मिनिटं बुटाची लेस बांधत होते. लेस सुटलेलीच नव्हती.

आता तुम्ही जे वेळापत्रक लिहिलंय ना, ते जरा परत वाचा. साडेपाचला उठलात. रात्रभर मोठं आतडं जवळपास झोपलेलं असतं आणि आपण उठलो की तेही जागं होतं, म्हणून बहुतेकांचं पोट सकाळीच साफ होतं. त्यावर तुम्ही कॉफी ओतली. कॉफीने बऱ्याच जणांचं मोठं आतडं काही मिनिटांत हलायला लागतं आणि हे फक्त कॅफिनमुळे नाही बरं का, कॅफिन काढलेल्या डीकॅफ कॉफीनेही होतं. मग केळं. पोटात काहीही पडलं की खालच्या आतड्याला निरोप जातो की वर नवीन माल आलाय, पुढचा पुढे सरकवा. मग पावणेसहाला बाहेर पडलात आणि चार किलोमीटरला तुम्हाला साधारण पंचवीस-सत्तावीस मिनिटं लागत असतील. म्हणजे सव्वासहा. उठल्यापासून पाऊण तास, कॉफीपासून अर्धा-पाऊण तास. तुम्ही घरी पेपर वाचत बसला असतात तरी सव्वासहाला उठून आतच गेला असतात! पोट बिचारं वेळेवरच चाललंय, तुम्हीच घरात नसता.

पळणं यात भर टाकतं, ते नाकारत नाही मी. पळताना रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि अंग गार ठेवायला त्वचेकडे वळवलं जातं, आणि ते येतं कुठून तर पोटातून. अगदी जीव तोडून पळताना आतड्यांचा रक्तपुरवठा ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. रक्त कमी मिळालं की आतडं कुरकुर करणारच. त्यात प्रत्येक पावलाला सगळा ऐवज वरखाली हलतो, म्हणून सायकल चालवणाऱ्यांना हा खालच्या पोटाचा त्रास आपल्यापेक्षा कमी असतो. त्यात ऊन असेल, पाणी कमी प्यायलं असेल, पेस म्हणजे पळायचा वेग असा असेल की तोंडातून वाक्य निघत नाही, तर अजून वाईट. आणि टेन्शन! परीक्षेच्या दिवशी सकाळी किती वेळा जायचो आपण आठवा. तुम्हाला आदल्या रात्रीपासून जी धास्ती वाटते ती या आगीत तेलच ओततेय.

तर पहिला उपाय अगदी कंटाळवाणा आहे, पण दहातल्या सहा-सात जणांचं काम मी त्यानेच झालेलं बघितलंय : पाऊण तास आधी उठा. हो, पावणेपाचला. माहितीये मला कसं वाटतं ते. उठल्या उठल्या कॉफी घ्या (सोडू नका, तीच तर आपली मदतनीस), मग घरातल्या घरात फिरा, कपडे घाला, बॅग भरा, जिना दोनदा चढा-उतरा, जागच्या जागी थोड्या उड्या मारा. आणि मग बसा. पाच मिनिटं, मोबाईल बाहेर ठेवून. जोर करायचा नाही, आलं तर आलं. बरेच जण एकदा जाऊन आले की लगेच बूट घालतात आणि तिथंच घोडं पेंड खातं, कारण पुष्कळांना दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा हप्ता येतो. त्या दुसऱ्या हप्त्याची वाट बघा. केळं खायचंच असेल तर तेही याच वेळात आटपा, दारातून निघताना तोंडात कोंबू नका. तासाभराच्या आत संपणारं पळणं असेल तर उपाशीपोटी गेलात तरी काही बिघडत नाही.

दुसरं, सुरुवातीचे दोन किलोमीटर घरापासून लांब जाऊच नका. बिल्डिंगभोवती, गल्लीत, मैदानाला चकरा मारा. पंधरा मिनिटं हळू पळून पोटाला जे सांगायचंय ते सांगू द्या, मग सरळ रस्त्याला लागा. लॉन्ग रनलासुद्धा एकच लांबलचक जाऊन-येऊन रस्ता घेण्यापेक्षा पाच-पाच किलोमीटरचे लूप घ्या की ज्यात दर वेळी एखादं टॉयलेट लागेल. माझ्या एका जुन्या पळणाऱ्या मित्राला रस्त्यातली वळणं सांगता येत नाहीत, पण कुठलं टॉयलेट किती वाजता उघडतं ते पाठ आहे, आणि मला वाटतं हाच खरा अनुभव.

तिसरं आदल्या दिवसाचं. लॉन्ग रनच्या आधीचा एक दिवस, जमलं तर दीड, चोथा कमी ठेवा. एरवी कडधान्यं, सॅलड, कोंड्यासकट धान्य हे सगळं चांगलंच, पण ते रात्री नऊला भरपूर खाल्लं तर सकाळी सहाला ते कुठं असणार? तेलकट-तिखटाचं तर सांगायलाच नको. दूध काहींना झेपत नाही आणि त्यांना ते वर्षानुवर्षं कळत नाही, दोन आठवडे बंद करून बघा. शुगरफ्री च्युइंगगम आणि गोळ्या हा लपलेला चोर. त्यात सॉर्बिटॉल, झायलिटॉल असलं काही असतं, ते नीट शोषलं जात नाही, आतड्यात पाणी ओढतं आणि मग पळापळ, दोन्ही अर्थांनी. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, काही फळं यातल्या अशाच पटकन आंबणाऱ्या साखरांना फॉडमॅप म्हणतात, मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी हे नाव आणि त्यावरचा आहार पुढे आणला. काही धावपटू शर्यतीच्या आधी दोन-तीन दिवस असे पदार्थ टाळतात आणि त्यांना फरक पडतो. पण कायमचं सगळं बंद करून बसू नका, इंटरनेटवर वाचून लोक शेवटी भात आणि मिठावर येतात.

एक वही करा. काय खाल्लं, किती वाजता, किती वाजता उठलो, कितव्या किलोमीटरला काय झालं. तीन आठवड्यांत तुमचा तुम्हालाच गुन्हेगार सापडेल, माझ्या यादीची गरज पडणार नाही.

आता प्रत्यक्ष रस्त्यात कळ आली तर. पहिली चूक सगळे हीच करतात की टॉयलेट दिसलं की तिकडे सुसाट सुटतात. थांबा! कळ लाटेसारखी येते, चढते आणि मिनिट-दोन मिनिटांत ओसरते. गुदद्वाराच्या झडपेचा आतला स्नायू आपलं ऐकत नाही, तो मळ खाली आला की आपोआप सैल पडतो, पण बाहेरचा स्नायू पूर्ण आपल्या ताब्यात असतो. लाट चढत असताना जागेवर उभं राहा, पाय जवळ किंवा एकमेकांवर, खालचा स्नायू आवळून धरा आणि श्वास मात्र सावकाश सोडा. श्वास कोंडला की पोटातला दाब उलट वाढतो. खाली उकिडवं अजिबात बसू नका, त्या बसण्याने आतला रस्ता सरळ होतो, म्हणून तर आपण तसं बसतो ना. लाट ओसरली की चालत, पळत नाही, चालत टॉयलेट गाठा. पुढची लाट यायला सहसा काही मिनिटं मिळतात, तेवढ्यात अर्धा किलोमीटर आरामात होतो.

कमरेच्या पट्ट्यात छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत टिश्यू, एक-दोन वेट वाइप्स आणि थोडे सुटे पैसे ठेवा. नुसतं ते जवळ आहे म्हटलं तरी निम्मी कळ येत नाही, गंमत नाही, खरंच. आणि गडद रंगाची शॉर्ट.

ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ माहितीये ना? २००५ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये शेवटचे काही मैल राहिले असताना, टीव्हीचे कॅमेरे चालू असताना, ती रस्त्याच्या कडेला बसली, मोकळी झाली आणि उठून परत पळाली. २ तास १७ मिनिटं ४२ सेकंद, पहिली आली, दुसरीपेक्षा पाच मिनिटांहून जास्त पुढे. तुमचा तर नुसता वॉचमन होता.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची आहे, पहिल्या फुल मॅरेथॉनची तयारी चाललीय. रोजच्या पळण्यात काहीच त्रास नाही पण लॉन्ग रनला जेल (ताकदीसाठी पळता पळता खायचं साखरेचं पाकीट) घ्यायला लागल्यापासून सोळा-सतरा किलोमीटरनंतर पोटात डुचुकडुचुक आणि मग सरळ जुलाब. जेल घेते आणि लगेच वर स्पोर्ट्स ड्रिंक. गुडघा दुखू नये म्हणून निघायच्या आधी एक आयबुप्रोफेन पण घेते. जेल मला सूट होत नाही असं समजू का?

उत्तर : अगं, जेलला शिक्षा करायच्या आधी तू त्याच्यासोबत काय पाठवतेस ते बघ की. जेल म्हणजे घट्ट साखर. त्यावर स्पोर्ट्स ड्रिंक म्हणजे साखरेवर साखर. इतकं घट्ट मिश्रण पोटात गेलं की आतडं ते पातळ करायला शरीरातलंच पाणी आत ओढतं, आणि तुला ती जी डुचुकडुचुक ऐकू येते ना, ती हीच. जेलवर साधं पाणी प्यायचं, तेही दोन-चार घोटांपेक्षा जास्त. स्पोर्ट्स ड्रिंक प्यायचं असेल तर त्या वेळी जेल नाही.

किती घेतेस तेही मोज. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम कार्ब, म्हणजे साखर-पिष्ट, असतात, पाकिटावर लिहिलेलं असतं. नुसतं ग्लुकोज असेल तर आतड्याला तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच उचलता येतं, उरलेलं तिथंच पडून राहतं आणि गोंधळ घालतं. फ्रुक्टोजला आत जायचं दार वेगळं असतं, म्हणून दोन्हींचं मिश्रण असलेली जेल घेतली तर ९० ग्रॅमपर्यंतही जाता येतं, पण ते सरावलेल्या लोकांचं काम. हो, आतड्याचाही सराव होतो! तू पायांना जसं हळूहळू बत्तीस किलोमीटरला आणलंस तसंच पोटाला आण. पहिल्या आठवड्यात तासाला एक जेल, तेही अर्धं अर्धं करून अर्ध्या तासाच्या अंतराने, मग वाढव. आणि शर्यतीच्या दिवशी स्टॉलवर मिळालेलं नवीन चवीचं जेल फुकट आहे म्हणून तोंडात टाकू नकोस, मी टाकलंय, पुढची कथा वरच्या खांबाची.

आयबुप्रोफेन मात्र आजपासून बंद, निदान पळायच्या आधी तरी. पळताना आतड्याला आधीच रक्त कमी मिळतं, त्यात ही गोळी आतड्याच्या अस्तराला अजून त्रास देते, आणि अंगात पाणी कमी असताना किडनीवरही भार येतो. गुडघा रोज गोळी घेऊनच पळत असेल तर तो प्रश्न वेगळा आणि तो गोळीने सुटत नाही, फिजिओला दाखव.

आणि एक, पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत पोट सैल होणं अगदी नॉर्मल आहे. गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी जी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं तयार होतात ती शेजारच्या आतड्यालाही हलवतात. वहीत तारीख लिही आणि जमलं तर त्या दिवशी लॉन्ग रन ठेवू नकोस.

प्रश्न : शर्यतीच्या दिवशी सकाळी जुलाब थांबवायची गोळी घेतली तर काय हरकत आहे? सगळेच घेतात.

उत्तर : सगळे नाही घेत हो, पण घेतात बरेच, खोटं कशाला बोलू. या गोळीतलं लोपेरामाईड आतड्याची हालचाल मंद करतं, एवढंच, मूळ कारण तसंच राहतं. डॉक्टरांना विचारून, पाकिटावर लिहिलेल्या डोसमध्ये, कधीतरी एखाद्या मोठ्या शर्यतीला घेतली तर मी आरडाओरडा करणार नाही, पण आधी एखाद्या साध्या दिवशी घेऊन बघा, कारण काहींचं पोट त्यानंतर दोन दिवस गच्च होतं, फुगतं. ताप असेल, शौचात रक्त असेल तर अजिबात नाही. एकाने भागलं नाही म्हणून तीन-चार ही हुशारी तर मुळीच नको, जास्त डोसमध्ये हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. आणि दर रविवारी लागत असेल तर मग पहिलं उत्तर परत वाचा, पावणेपाचच्या अलार्मसकट.

प्रश्न : माझी डिलिव्हरी होऊन आठ महिने झाले. पळायला परत सुरुवात केली पण आता आली की रोखूनच धरता येत नाही, दोनदा कपड्यात झालं. खूप रडले. हे असंच राहणार का?

उत्तर : नाही गं बाळा, असंच राहणार नाही. तुझं वरच्यांसारखं नाही, तुझी कळ नॉर्मलच असेल, धरून ठेवणारे खालचे स्नायू बाळंतपणात ताणले गेलेत किंवा क्वचित फाटलेले असतात. नुसतं ‘आवळा-सोडा’ व्यायाम कर असं मी इथून सांगणार नाही, कारण अर्ध्या बायका ते चुकीचं करतात, पोट आत ओढतात आणि खालचं तसंच राहतं. तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना स्पष्ट सांग, ‘शौच रोखता येत नाही’ याच शब्दांत, ‘जरा त्रास आहे’ असं मोघम नको. त्या तपासतील, आणि पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे या खालच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओकडे पाठवायला सांग. काही महिन्यांत चांगला फरक पडतो. तोवर भरभर चालणं, चढ चढणं, सायकल. पळणं कुठं पळून जात नाही.

प्रश्न : वय ५२. आधी फक्त पळतानाच घाई व्हायची, आता दोन महिने झाले, न पळता पण दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं. एकदा-दोनदा रक्त दिसलं, मूळव्याध असेल म्हणून सोडून दिलं. केळं बंद करू का?

उत्तर : दादा, केळ्याचं नंतर बघू. या आठवड्यात डॉक्टरकडे जा. मूळव्याध असेलही, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, आपण आरशात बघून नाही. जी घाई फक्त पळताना होते आणि एरवी पोट ठीक असतं तिच्यासाठी हे पान. न पळताही सवय बदलली आणि काही आठवडे तशीच राहिली, रक्त दिसलं, शौच डांबरासारखं काळं झालं, वजन आपोआप उतरलं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, हिमोग्लोबिन कमी आलं, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर यातलं एकही असलं तरी वही-बिही राहू द्या आणि तपासून घ्या. तुमच्या वयात डॉक्टर कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं बघायची तपासणी, सुचवतील, घाबरू नका, त्याच्या आदल्या दिवशीची ती पोट साफ करायची औषधंच काय ती त्रासाची. कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही सोबत घेऊन जा. डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेत असाल किंवा क्रॅम्प येतात म्हणून मॅग्नेशियम, तर त्यांनीही पोट सैल होतं. थायरॉइड जास्त असेल तरी होतं. पण हे सगळं रक्ताचं कारण सापडल्यानंतर.

तुमचं काय झालं ते मात्र मला नक्की कळवा, छापण्यासाठी नाही, मला काळजी वाटत राहील म्हणून.